सपाट मुलखातलं नव्ह शापेल

पहिल्या महायुद्धाच्या इतिहासात ओबेरची टेकडी नावाची जागा वारंवार येते. प्रत्यक्ष उत्तर फ्रान्समध्ये गेलं की ही टेकडी शोधावी लागते. ला बासेहून एस्तेरकडे जाणारा रस्ता धरायचा, नव्ह शापेल गावापाशी थांबायचं आणि पूर्वेकडे बघायचं. आधी बिटाचं शेत, मग झाडांची रांग, रांगेमागं चर्चचं टोक आणि मग नुसतं आभाळ. त्या टोकाखाली जमीन जराशी उचललेली आहे. पंधरा मीटर, फार तर वीस. पर्वतीच्या पहिल्या टप्प्यालाच आपण ओबेर मागं टाकलेलं असतं. सह्याद्री बघत वाढलेल्या डोळ्याला हा चढ दिसतच नाही. तो पायांना कळतो, आणि तोही सायकलवर असलात तर. एक गियर खाली आणायचा, की आलो वर.

या चढासाठी 1915 च्या मार्च आणि मे महिन्यांत मिळून एकट्या ब्रिटिश बाजूची वीस हजारांवर माणसं मेली किंवा जायबंदी झाली. त्यांतली कित्येक हजार हिंदुस्थानातून बोटीनं आणलेली होती. एवढं करून चढ हाती आला नाही. तो मिळाला 1918 च्या ऑक्टोबरात, युद्ध संपायला महिना उरला असताना.

मी तेव्हा कामानिमित्त लीलमध्ये राहत होते. लीलहून बेत्यूनकडे जाणारी लोकल ला बासे-व्हिओलेन स्टेशनवर थांबते, तिथं सायकल उतरवायची, आणि उत्तरेला पाच-सहा किलोमीटर गेलं की गाव. जायचं कारण म्हटलं तर घरचंच. लहानपण खडकीत गेलं. बीईजीच्या, म्हणजे लष्कराच्या बॉम्बे इंजिनियर ग्रुपच्या, कुंपणाकडेनं शाळेत जाताना सकाळी आत बिगुल वाजायचा, आणि तिथल्या पलटणींच्या जुन्या लढायांमध्ये 'न्यू चॅपल' असं काहीतरी नाव असल्याचं कानावर पडलेलं होतं. ते गाव लीलपासून तीस किलोमीटरच्या आत आहे हे कळल्यावर घरी बसणं शक्य नव्हतं.

पण गेल्यावर माझा जास्त वेळ लढाईत गेला नाही, जमिनीत गेला. या गावाचं काय झालं ते जमिनीनं ठरवलं आहे, सेनापती नंतर आले, असं माझं मत तिथं हळूहळू होत गेलं.

नव्ह शापेल समुद्रसपाटीपासून जेमतेम वीस मीटर उंचीवर आहे. ही लीस नदीची सखल भूमी. वर भारी चिकणमाती, पाणी मुरायला जागाच नाही. हिवाळ्यात हातभर खणलं की खड्ड्यात पाणी चढायला लागतं. म्हणून प्रत्येक शेताच्या कडेनं चर खणलेले, ते मोठ्या चरात, मोठा चर ओढ्यात, आणि ओढा सावकाश लीसकडे. सावकाश म्हणजे इतका, की पाणी कुठल्या दिशेला चाललंय ते गवताची काडी टाकून बघावं लागतं. चरांच्या कडेला विलोची झाडं, माणसाच्या उंचीवर वर्षानुवर्षं छाटलेली, त्यामुळे बुंधा जाड आणि वर बारीक सरळ फोकांचा झुपका. हे फोक पूर्वी टोपल्यांना आणि कुडांना लागायचे. 1914 च्या हिवाळ्यात त्यांना वेगळंच काम लागलं, ते पुढं येईलच.

जमीन पाण्यानं भरलेली असली तरी कसदार आहे. गहू, बटाटा, साखरेचं बीट, आणि लीस खोऱ्याची खासियत म्हणजे पांढरा घेवडा. त्याला तिथं 'लँगो' म्हणतात. तयार झालेली झाडं शेंगांसकट उपटतात आणि शेतातच लाकडी खांबांभोवती माणसाहून उंच रचून ठेवतात, वाऱ्यावर वाळायला. सप्टेंबरात अशी शेतं लांबून पाहिली तर कोणीतरी रांगेत उभं आहे असं वाटतं. मी एका ढिगातली शेंग फोडून पाहिली. दाणा अजून मऊ, साल बोटानं निघत होती. पलीकडच्या चराशी काम करणारा म्हातारा शेतकरी हे बघत होता. तो रागावला नाही. एवढंच म्हणाला, "अजून पंधरा दिवस थांबा, मादाम. आत्ता शिजवलेत तर लगदा होईल." कडधान्याच्या बाबतीत असं दटावणारी माणसं जगात सगळीकडे सारखीच असावीत.

इथली गावं आपल्यासारखी एका ठिकाणी गोळा झालेली नसतात, रस्त्याच्या कडेनं लांबत जातात. लाल विटांची घरं, मागं परसू, परसामागं लगेच शेत. मोठा शेतकरी असेल तर मधल्या चौकाभोवती गोठा, धान्याची खळी आणि राहतं घर. रस्त्यावरून फक्त मोठा दरवाजा दिसतो. दक्षिणेला वीसेक किलोमीटरवर लेन्सच्या कोळसा खाणींचे काळे ढीग. ते इथले सगळ्यांत उंच 'डोंगर', आणि तेही माणसानं केलेले.

युद्धाआधीच्या इतिहासात सांगण्यासारखं फार नाही, म्हणजे गावापुरतं. सरहद्दीवरच्या मुलखाचं जे होतं ते याही टापूचं झालं. कधी फ्लँडर्सचे सरदार, कधी बर्गंडीचे ड्यूक, मग स्पेनचा राजा. 1659 च्या पिरेनीजच्या तहानं आर्त्वाचा मोठा भाग फ्रान्सला मिळाला, पण सैन्यांची ये-जा त्यानंतरही थांबली नाही. 1790 मध्ये क्रांतीनंतर जिल्ह्यांची आखणी झाली आणि हा भाग पा-द-काले जिल्ह्यात आला. शेजारची काही गावं मात्र नॉर जिल्ह्यात. आजही इथं सायकल चालवताना दोन-तीनदा जिल्हा बदलतो आणि एकदाही कळत नाही.

1914 च्या ऑक्टोबरात दोन्ही सैन्यं एकमेकांना वळसा घालायचा प्रयत्न करत समुद्राच्या दिशेनं वर सरकत होती. जिथं जिथं ती अडली तिथं तिथं रेघ तयार झाली, आणि ती पुढची चार वर्षं फारशी हलली नाही. नव्ह शापेल या रेघेवर आलं हा योगायोग, पण रेघ नेमकी कुठं गोठली ते जमिनीवर होतं. जर्मनांनी मागं सरकताना कोरडा चढ आपल्याकडे ठेवला आणि ओल्या सपाटीत ब्रिटिशांना ठेवलं. पंधरा मीटर उंचीवरून सपाट मुलखात दहा-दहा किलोमीटर दिसतं. कुठल्या रस्त्यानं गाडे चाललेत, कुठं धूर निघतोय, कुठं नवी माती पडली आहे, सगळं.

हिंदुस्थानी फौज मार्सेय बंदरात उतरायला लागली ती सप्टेंबरच्या शेवटी. लाहोर आणि मीरत अशा दोन डिव्हिजन. अंगावर उन्हाळी खाकी, हातात तिथंच दिलेल्या नव्या रायफली. लाहोर डिव्हिजनसोबत थर्ड सॅपर्स अँड मायनर्सच्या 20 आणि 21 नंबरच्या कंपन्या होत्या. हे थर्ड सॅपर्स म्हणजेच बॉम्बे सॅपर्स, आमची खडकी. मराठे, मुसलमान, शीख अशी मिळून भरती. पूल बांधणं, रस्ते करणं, सुरुंग लावणं, खंदक आखणं ही त्यांची कामं.

26 ऑक्टोबरच्या सुमारास जर्मनांनी नव्ह शापेल घेतलं. ते परत घ्यायला 28 तारखेला जे पाठवले त्यात 47 शीख पलटणीच्या कंपन्या आणि या दोन सॅपर कंपन्या होत्या. उघड्या, सपाट शेतातून काही शे मीटर चालत जायचं, समोर मशीनगन. गावापर्यंत ते पोहोचले, हे आज त्या शेतात उभं राहिल्यावर खरं वाटत नाही. मग घराघरांतून संगिनींची लढाई झाली. दारं फोडून, परसातून परसात. गावाचा बराच भाग हाती आला, पण मागून कुमक आली नाही, आणि जर्मनांचा प्रतिहल्ला आला. परत फिरताना पुन्हा तेच उघडं शेत. 47 शीखचे 289 जण गेले होते, त्यांतले 68 धड परतले. सॅपर्सचे ब्रिटिश अधिकारी जवळजवळ सगळे पडले, काही मेले, काही जखमी.

मला यात सगळ्यांत जास्त खटकतं ते वेगळंच आहे. शिपाई उभा करायला काही महिने लागतात. पूल बांधणारा, स्फोटकं हाताळणारा सॅपर उभा करायला वर्षं लागतात. तो आघाडीवर कमी पडलेल्या पायदळाच्या जागी एका दिवसात खर्ची घातला. पुढच्या हिवाळ्यात या मुलखात पाण्याशी लढायला त्याच हातांची गरज पडणार होती.

कारण खंदक खणताच येईना. कमरेएवढं खाली गेलं की पाणी, भिंत ढासळायची, माणसं गुडघाभर गारठ्यात उभी. पाय सुजायचे, काळे पडायचे, कापावे लागायचे. शेवटी खाली खणायचा नाद सोडून वर बांधायला सुरुवात झाली. मातीनं भरलेली पोती आणि विलोच्या फोकांच्या विणलेल्या चटया यांचे छातीएवढे बांध. शत्रूला ते लांबून स्वच्छ दिसायचे, तोफेच्या एका गोळ्यात दोन-चार मीटर उडायचे, आणि रात्री पुन्हा बांधावे लागायचे. हातबॉम्ब पुरेसे नव्हते, तर जॅमच्या रिकाम्या डब्यांत स्फोटक आणि लोखंडाचे तुकडे भरून वात लावायची, ही युक्तीही त्याच हिवाळ्यातली. वात लवकर जळाली तर फेकणाऱ्याचाच हात जायचा.

या माणसांनी घरी लिहिलेली पत्रं बुलोनच्या कचेरीत सेन्सॉर वाचायचे. मूळ पत्रं बहुतेक गेली. आठवड्याच्या अहवालात घेतलेले इंग्रजी उतारे तेवढे लंडनला राहिले. त्यांत काळी मिरी संपत आली, आता लाल वापरायला काढली आहे, अशा खुणेच्या भाषेत हिंदुस्थानी आणि गोऱ्या पलटणींची गत कळवलेली सापडते. त्याच उताऱ्यांत शेतीचं कौतुकही असतं. शेताची मशागत, दूधदुभतं, पुरुष आघाडीवर गेल्यावर नांगर धरणाऱ्या बायका. लिहिणारे शेतकऱ्यांचेच मुलगे होते. गोळ्यांनी उकरलेल्या जमिनीतही तिचा कस त्यांच्या नजरेतून सुटला नाही.

मग आला मार्च. ब्रिटिशांना फ्रेंचांपुढं सिद्ध करायचं होतं की आपणही हल्ला करू शकतो, आणि जनरल हेग यांच्या पहिल्या आर्मीनं जागा निवडली ती नव्ह शापेल. तयारी बघितली तर आधुनिक म्हणावी अशी. विमानातून फोटो काढून, ते जोडून जर्मन खंदकांचा नकाशा केला. मोठ्या हल्ल्याआधी शत्रूची सगळी मांडणी अशी कागदावर आल्याची ब्रिटिशांची ही पहिलीच वेळ. 10 मार्चला सकाळी साडेसातला सुमारे 340 तोफा सुरू झाल्या, 35 मिनिटं चालल्या, आणि आठ वाजून पाच मिनिटांनी पायदळ निघालं. एकीकडून ब्रिटिश, दुसरीकडून मीरत डिव्हिजन, आणि दोघांनी गावात गाठ घ्यायची. तासाभरात गाव हाती आलं.

नकाशात एक भोक राहिलं होतं. उजव्या टोकाला सुमारे दोनशे यार्डांचा जर्मन खंदक तोफांच्या माऱ्यातून सुटला, तारांचं कुंपण जसंच्या तसं. गढवाल रायफल्सची पहिली बटालियन दिशा चुकून नेमकी त्यावर गेली. दुसऱ्या बटालियनमधला गबर सिंह नेगी एकोणीस वर्षांचा होता. खंदकाच्या प्रत्येक वळणाआड सगळ्यांत आधी तो शिरत गेला, समोरच्यांना मागं रेटत गेला, शेवटी ते शरण आले. तो त्या लढाईत मारला गेला आणि त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच्या गावाकडे, टिहरीजवळच्या चंबामध्ये, त्याच्या नावानं अजून मेळा भरतो.

गाव घेतल्यावर पुढं जायचं ते ओबेरला. मधे 'ले' नावाचा ओढा आणि त्यामागं बिएचं रान. ओढा मी पाहिला आहे. तीन मीटर रुंद असेल, पाणी मांडीपर्यंत. म्हशी बसवाव्यात एवढाही नाही. पण चिखलाच्या काठांमुळं पायदळ अडतं, आणि अडलेल्या पायदळावर पुलापाशी दोन मशीनगन पुरतात. सकाळी तिथं फारसं कोणी नव्हतं. टेलिफोनच्या तारा गोळ्यांनी तुटलेल्या, निरोप माणसं धावत नेत होती, वरचे अधिकारी खात्री होईपर्यंत थांबत होते. पुढं निघायचा हुकूम प्रत्यक्ष पलटणीपर्यंत पोहोचला तेव्हा संध्याकाळ होत आली होती. तोवर जर्मनांनी ओढ्याकाठी बस्तान बसवलं. पुढचे दोन दिवस फक्त माणसं पडत राहिली. 13 तारखेला थांबले तेव्हा आघाडी एक-सव्वा किलोमीटर पुढं गेली होती, ब्रिटिश आणि हिंदुस्थानी मिळून साडेअकरा हजारांवर माणसं कामी आली किंवा जखमी झाली होती, त्यांत हिंदुस्थानी चार हजारांवर. मेमध्ये पुन्हा ओबेरवर हल्ला झाला, तोही फसला. तोफगोळेच पुरले नाहीत अशी ओरड लंडनच्या वर्तमानपत्रांत झाली आणि पंतप्रधान आस्क्विथ यांना संमिश्र सरकार करावं लागलं. हिंदुस्थानी पायदळ त्या वर्षाच्या अखेरीस फ्रान्समधून हलवून मेसोपोटेमियाकडे, म्हणजे आजच्या इराकात धाडलं. मराठा पलटणींचं मोठं नुकसान झालं ते तिकडे, कुतला. पण तो निराळा विषय.

या सगळ्यात गावकरी कुठं होते? हा प्रश्न लढाईच्या पुस्तकांत फारसा येत नाही, कारण तिथं गाव म्हणजे नकाशावरचा काळा ठिपका. ते 1914 च्या ऑक्टोबरातच निघून गेले होते. हातगाडीवर गाद्या, कोंबड्या, म्हातारी माणसं. परत आले चार वर्षांनी. मधल्या काळात गाव जर्मनांकडून ब्रिटिशांकडे, 1918 च्या एप्रिलमध्ये पुन्हा जर्मनांकडे आणि त्याच शरदात परत, असं फिरलं. उभी अशी भिंत उरली नव्हती. घराची हद्द सोडा, कोणाचं शेत कुठं होतं तेही कळेना. चर बुजलेले, म्हणजे पाणी कुठंही साचलेलं. जमिनीत न फुटलेले गोळे, तारा, आणि माणसं. साफसफाईला चिनी मजूर लावले होते. त्यांच्या थडग्यांची चिनी अक्षरं या जिल्ह्यात ठिकठिकाणी दिसतात.

17 एप्रिल 1919 ला फ्रान्सनं कायदा केला, की युद्धात ज्याचं जे गेलं त्याची भरपाई सरकार देईल. मग पंचनामे, अर्ज, मूल्यांकनं. किती खिडक्या होत्या, गोठ्यात किती जनावरं, परसात किती नाशपातीची झाडं. नव्ह शापेलची आज दिसणारी घरं त्यातून उभी राहिली. म्हणून गावात फिरताना एक चमत्कारिक गोष्ट लक्षात येते. सगळं जुन्या वळणाचं, पण एकाच वयाचं. चर्च, शाळा, नगरपालिकेची कचेरी, गोठे, सगळं विसाच्या दशकातलं, त्याच लाल विटेचं. मध्ययुगीन गल्ल्या बघायला फ्रान्सला येणाऱ्या माणसाला इथं बघण्यासारखं काही नाही. मला हे गाव आवडलं ते त्यामुळेच. ज्यांनी ते बांधलं त्यांना नवं काही करून दाखवायचं नव्हतं, होतं तसं परत हवं होतं. चर तेवढे आधी खणले, घरं नंतर.

एक गोष्ट मात्र परत बांधली नाही. गावाबाहेर क्रूसावरच्या ख्रिस्ताची मूर्ती होती. तोफांच्या माऱ्यात तिचे पाय गेले, एक हात तुटला, छातीला छिद्र पडलं, तरी ती क्रूसावर टिकून राहिली. त्या वेळी या भागात पोर्तुगीज सैन्य होतं, आणि 9 एप्रिल 1918 ला जर्मनांनी नेमकं त्यांच्यावर झडप घालून त्यांची फळी मोडली. पोर्तुगीज सैनिकांच्या मनात ती मूर्ती घर करून राहिली. 1958 मध्ये ती पोर्तुगालला दिली गेली, आणि आज ती बातालियाच्या मठात अज्ञात सैनिकाच्या समाधीपाशी आहे, तशीच तुटलेली. त्यांच्या 1,831 सैनिकांची दफनभूमी नव्ह शापेलच्या चौकाजवळ रिशबूरच्या हद्दीत आहे. पणजीवर ज्यांचा झेंडा होता त्यांची कबर आणि खडकीहून ज्यांना नेलं त्यांचं स्मारक, एका रस्त्याच्या दोन बाजूंना. अशी शेजारवस्ती आपल्याकडे कोणाच्या ऐकिवात नसते.

हिंदुस्थानी स्मारक गावठाणापासून आठशे मीटरवर, ब्रिटिश सैनिक ज्याला 'पोर्ट आर्थर' म्हणत त्या चौकात आहे. दिल्लीचं सचिवालय बांधणाऱ्या हर्बर्ट बेकरनं केलेलं. गोल आवार, अर्ध्या बाजूला नावांची भिंत, अर्ध्या बाजूला सांचीच्या धर्तीची दगडी जाळी, मधे जवळजवळ पंधरा मीटरचा स्तंभ, वर कमळ आणि त्यावर ब्रिटिश मुकुट. खाली दोन वाघ. कमळावर मुकुट ठेवण्याची कल्पना कितपत सुंदर आहे यावर मी वाद घालू शकते, पण संध्याकाळच्या तिरप्या उजेडात दगड देखणा दिसतो हे कबूल. स्तंभावर देव एक आहे आणि जय त्याचाच, अशा अर्थाचं वचन इंग्रजी, अरबी, गुरुमुखी आणि देवनागरीत कोरलं आहे. 7 ऑक्टोबर 1927 ला उद्घाटन झालं तेव्हा फ्रान्सचे मार्शल फॉश हजर होते, कपूरथळ्याचे महाराज होते आणि लेखक रडयार्ड किपलिंगही होता. त्याचा एकुलता एक मुलगा जवळच्याच लूसच्या लढाईत नाहीसा झाला होता.

भिंतीवर 4,700 हून जास्त नावं आहेत, ज्यांची कबर किंवा चितेची जागा माहीत नाही अशांची. मी थर्ड सॅपर्सची पाटी शोधली. अक्षरं लहान, ओळी दाट, बोट ठेवत वाचावं लागतं. कित्येकांचं नुसतं पाळण्यातलं नाव, कोणाचं आडनाव साहेबानं ऐकलं तसं लिहिलेलं. वाचताना ओठ आपोआप हलतात आणि इंग्रजीत वाकडी दिसणारी नावं तोंडात सरळ होतात. 1964 मध्ये आणखी एक ब्राँझची पाटी आली. जर्मनीत कैदेत मेलेल्यांच्या बर्लिनजवळच्या थडग्यांची देखभाल पूर्व जर्मनीत करता येईना, म्हणून त्यांची नावं इथं आणली. सप्टेंबर 2023 मध्ये युनेस्कोनं पश्चिम आघाडीवरच्या 139 दफनभूमी आणि स्मारकांना जागतिक वारशात घेतलं, त्यात हे स्मारक आणि पोर्तुगीज दफनभूमी दोन्ही आहेत.

पंतप्रधान मोदी 2015 मध्ये इथं आले होते. एरवीही आपले लोक पॅरिसहून येतात, हार वाहतात, फोटो काढतात आणि चौकातूनच परत फिरतात. आठशे मीटरवरचं गाव बघत नाहीत. मला हे पटत नाही. ज्या गावासाठी ही माणसं पाठवली, ज्याच्या परसांतून ती धावली, ते गाव अजून आहे. त्याला बेकरी आहे, शाळा आहे, लीलला कामाला जाणारी हजार-दीड हजार माणसं आहेत. दहा मिनिटं चाललं की घेवड्याचं शेत आहे आणि बिएचं रान दिसतं. नावांची भिंत वाचून जे कळत नाही ते त्या शेतातल्या चिखलात बूट रुतला की कळतं.

त्या म्हाताऱ्याशी माझी नंतरही बोलणी झाली, मुख्यतः शेतीबद्दल. त्याच्या बांधावर विजेच्या खांबाच्या बुडाशी प्लॅस्टिकचा पालथा क्रेट होता, वर वीट. त्यानं तो उचलून दाखवला. खाली गंजलेले दोन तोफगोळे, मातीनं माखलेले, वीतभर जाड. नांगराला दरवर्षी लागतात, म्हणाला. बीट काढायच्या वेळी जास्त, कारण यंत्र खोल जातं. हात लावायचा नाही, नगरपालिकेला कळवायचं, मग स्फोटकं निकामी करणारं पथक गाडी घेऊन येतं. लगेच येईल असं नाही, सगळ्या जिल्ह्याचंच काम आहे. 2001 मध्ये इथून दक्षिणेला व्हिमीत अशा गोळा केलेल्या जुन्या दारूगोळ्याचा साठा धोकादायक झाला तेव्हा बारा हजारांवर लोकांना काही दिवस घरं सोडावी लागली होती. त्याची मावशी त्यांतली.

"भीती नाही वाटत?" मी विचारलं.

"वाटते ना. पण ट्रॅक्टर भाड्याचा आहे, तो शुक्रवारी परत द्यायचाय," तो म्हणाला, आणि चराच्या वाटेतून सायकल जरा बाजूला घेता का, असं विचारलं.